बेट सोडून जाणारें घर

भूर्जपत्र म्हटलें कीं आपल्या मनांत जुन्या पोथ्या उभ्या राहतात. उत्तर अमेरिकेंत सुपीरियर सरोवराच्या कांठीं राहणाऱ्या ओजिब्वे लोकांनीं मात्र भूर्जाच्याच जातीच्या वृक्षाच्या सालीनें आपलीं घरें शाकारलीं व होड्याहि केल्या. अशा घरांत वाढणाऱ्या एका मुलीची कथा लुईस एर्ड्रिक या ओजिब्वे वंशाच्या लेखिकेनें मुलांसाठीं लिहिली आहे. तिचा पहिला भाग १९९९ सालीं आला. दुसरा, ‘द गेम ऑफ सायलेन्स’, २००५ सालीं. आज त्या दुसऱ्या भागाविषयीं व त्यामागील इतिहासाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

काळ १८५० च्या सुमाराचा. नऊ वर्षांची ओमाकायास मॅडेलिन बेटावर राहते. एके दिवशीं भुकेनें व्याकुळ झालेलीं निर्वासित माणसें होड्यांतून किनाऱ्याला लागतात. मोठीं माणसें विचारविनिमयास बसतात आणि मुलांना मौनाचा खेळ लावून देतात; जो गप्प राहील त्याला बक्षीस. परंतु गप्प बसलेल्या मुलांच्या कानीं सर्व कांहीं पडतें. आपणांस हें बेट सोडावें लागणार, हें ओमाकायासला कळून चुकतें आणि अखेर तिचें कुटुंब निघतें.

या कथेस आधार खऱ्या घटनांचा आहे. १८३७ व १८४२ च्या तहांनीं ओजिब्वे लोकांनीं विस्तीर्ण प्रदेश अमेरिकन सरकारच्या हवालीं केला. मोबदल्यांत वार्षिक रकमा व माल मिळावयाचा होता, आणि त्या भूमींत शिकार करण्याची सवलतहि होती. मात्र ती अध्यक्षांच्या मर्जीपर्यंतच. १८५० च्या फेब्रुवारींत अध्यक्ष झॅकरी टेलर यांनीं ती सवलत काढून घेतली व लोकांना पश्चिमेकडे जाण्याचा हुकूम दिला.

तो अमलांत आणण्याची युक्ति मोठी कपटी होती. मिनेसोटा प्रांताचे गव्हर्नर अलेक्झांडर रॅम्से आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनीं वाटपाचें ठिकाणच बदललें. जी रक्कम मॅडेलिन बेटावरील ला पॉइंट येथें मिळे, ती त्या शरदऋतूंत दूरच्या सॅन्डी लेक येथें मिळेल असें जाहीर झालें. हेतु हा कीं, हिवाळ्यानें वाट अडली म्हणजे लोक तिकडेच राहतील. हजारों माणसें गेलीं. ठरल्या वेळीं वाटप झालें नाहीं. अन्न नासकें मिळालें. हगवण व गोवर पसरला. डिसेंबरांत अपुरें वाटप झाल्यावर लोक बर्फांतून पायीं परतले. तेथें व वाटेंत मिळून सुमारें चारशें जीव गेले.

येथें इतिहासाची व कथेची वाट वेगळी होते. कादंबरींतील कुटुंब बेट सोडतें; प्रत्यक्षांत मात्र पुष्कळांनीं जाण्याचें साफ नाकारलें. केचेवैश्के, ज्यांना गोरे लोक बफेलो म्हणत, ते वयोवृद्ध पुढारी नव्वदीच्या घरांत असतां १८५२ सालीं वॉशिंग्टनला गेले आणि अध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांची भेट घेऊन त्यांनीं हुकूम रद्द करविला. १८५४ च्या तहानें त्यांच्या लोकांना स्वदेशींच राखीव भूमि मिळाली. पुढच्याच वर्षीं ते वारले.

मग लेखिकेनें सत्याला बाध आणला काय? मला तसें वाटत नाहीं. सरकारी दप्तरांत हुकमाची तारीख सांपडते, रकमेचा आंकडा सांपडतो. परंतु पाठीवर काय घ्यावें आणि काय मागें ठेवावें, हा घरांतला प्रश्न तेथें नोंदला जात नाहीं. तो मुलीच्या डोळ्यांनींच दिसतो.

तथापि, असें पुस्तक मुलांच्या हातीं देतांना आपण एक सावधगिरी बाळगली पाहिजे. निघून जाणाऱ्या होडीचें चित्र मनांत ठसलें कीं मूल सहज म्हणतें, ‘असे लोक पूर्वीं होते.’ तेव्हां आपण जवळ बसून सांगावें कीं, वृद्ध केचेवैश्के त्या प्रवासाहून परत आले, आणि त्याच सरोवराच्या कांठीं, रेड क्लिफ व बॅड रिव्हर येथें, त्यांचे लोक आजहि आहेत.