भाषांतराची मोकळीक

वर्गांत यंत्र आलें, आतां खेड्यांतला विद्यार्थी जगाच्या ज्ञानभांडारापाशीं जाऊन बसला, असें हल्लीं मोठ्या आनंदानें म्हणतात. त्या आनंदांत मीहि सहभागी आहें. परंतु नांदेड-लातूरकडील मनुष्यास या प्रसंगीं एक जुनी गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाहीं. भांडार दाराशीं असावें आणि त्याची भाषा मात्र आपली नसावी, हा अनुभव आमच्या वाडवडिलांनीं एकदां घेतलेला आहे.

हैदराबाद संस्थानांत 1917 सालीं भाषांतर-विभाग स्थापन झाला व पुढच्याच वर्षीं उस्मानिया विद्यापीठ निघालें. उच्च शिक्षण इंग्रजीच्या जोखडांतून सोडवून देशी भाषेंत द्यावें, ही कल्पना त्या काळीं फार धाडसाची होती. इतिहासापासून वैद्यकापर्यंत अनेक विषयांवरील ग्रंथांचीं भाषांतरें सरकारी खर्चानें झालीं. पारिभाषिक शब्द घडविण्यास विद्वानांच्या समित्या बसल्या. या उद्योगाचें कौतुक कोणींहि करावें असेंच तें काम होतें. परंतु ती देशी भाषा उर्दू होती, आणि संस्थानांतील बहुसंख्य प्रजा तेलुगु, मराठी व कन्नड बोलणारी! नांदेडच्या, किंवा तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडणाऱ्या लातूरच्या, मुलापुढें एका परक्या भाषेच्या जागीं दुसरी उभी राहिली, एवढाच काय तो फरक. खासगी शाळा काढावयाची तर सरकारी निर्बंध आडवे येत. तरीहि 1921 सालीं हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली व पुढें स्वामी रामानंद तीर्थांनीं तेथें मुख्याध्यापकाचें काम केलें. नांदेडास पीपल्स कॉलेज निघावयास मात्र संस्थान 1948 सालीं मुक्त होऊन 1950 साल उजाडावें लागलें.

आतांची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठानें आपले पाठ सर्वांस खुले करण्याचें 2001 सालीं जाहीर केलें. 2003 सालीं मराठी विकिपीडिया सुरू झाला. आपल्या सरकारचें 'स्वयम्' 2017 सालचें. हें सारें फुकट मिळतें याचेंच आपणांस अप्रूप. वस्तुतः नवलाई दुसरीकडेच आहे. अशा पुष्कळ साधनांच्या परवान्यांत भाषांतर करण्याची, फेरफार करण्याची व तें पुन्हां वांटण्याची मोकळीक असते. मूळ कर्त्याचें नांव राखावें लागतें, कांहीं ठिकाणीं त्यावर धंदा करूं नये अशीहि अट असते. उस्मानियास ज्या कामीं निजामाचा खजिना लागला, तें काम, लहान प्रमाणावर कां होईना, आज नांदेडच्या एखाद्या अध्यापकास घरीं बसून करतां येतें.

आम्ही अध्यापकांनीं ही मोकळीक वापरली किती? पडदा लावावा, पाठ चालू करावा आणि आपण बाजूस उभें राहावें, हीच आमची रीत. मीहि त्यांतलाच. उत्खननांतील स्तरांवरून काळ कसा ठरवितात, यावरचा एक इंग्रजी पाठ मीं असाच वर्गास दाखविला. मुलें अगदीं शांत होतीं. त्यांना समजलें असें मी धरून चाललों. दोन प्रश्न विचारले तेव्हां कळलें कीं तें मौन निराळें होतें. मग पाठ मध्येंच थांबवून तोच भाग मराठींत सांगितला. मांजरेकांठच्या एका खेड्यांतून येणारी विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, हें मराठींत लिहून काढायला कोणाची परवानगी लागते का?"

परवाना पाहिला, लागत नव्हती. आठ दिवसांनीं तिनें चार पानें आणून दिलीं, आणि तीं आतां पुढच्या वर्गाचीं मुलें वाचतात. त्यांत 'स्तर' या पुस्तकी शब्दाऐवजीं तिनें 'थर' असें लिहिलें आहे. मीं तें खोडलें नाहीं.