आजीचं पानदान आणि किल्ल्याची माती

भालकीच्या आमच्या घरी आजीचं बिदरी पानदान आहे. गेल्या दिवाळीत मी ते चिंच आणि राखेनं चांगलं खसाखसा घासलं. काजळी साचलीय असं वाटलं होतं! काळा रंग जागोजाग उडाला आणि खालचा करडा धातू उघडा पडला.

बिदरीचं काळेपण म्हणजे मळ नव्हे. भांडं ओततात त्या धातूत जस्त भरपूर, तांबं अगदी थोडं. ओतलेल्या भांड्यावर मोरचूद फासून तात्पुरतं काळं करतात, नक्षी कोरतात, खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. घासूनपुसून झाल्यावर चांदी आणि जस्त एकसारखं पांढुरकं दिसतं; नक्षी कुठली, भांडं कुठलं, कळत नाही. मग किल्ल्यातली, ऊनपाऊस न लागलेली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून तापल्या भांड्यावर चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच. ही माती कारागीर जिभेवर चाखून निवडतात.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात काचेआडची बिदरी मी पाहिली होती, तरी घरात ही चूक केलीच.

बिदरच्या एका कारागिरानं पानदान पुन्हा काळं करून दिलं. देखणं झालंय, नव्यासारखं. पण झाकणावर आजीच्या अंगठ्यानं वर्षानुवर्षं जी फिकट जागा पडली होती, ती आता सापडत नाही. आई रोज मऊ फडक्यानं पुसते, कधी खोबरेल तेलाचं बोट लावते. मला हात लावू देत नाही.