तळटीप : ‘चांद्याचा दक्षिण मुलूख’

‘चांद्याचा दक्षिण मुलूख’ : लेखक फिरला तेव्हा हा सारा भाग चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. आज तालुके बारा. सिरोंचाचा इतिहास मात्र निराळा. इंग्रजी अमदानीत ते अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं होतं. तिथे प्राणहितेच्या काठावर आजही मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. अहेरीच्या मुलखातला गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध लढला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्याला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. शाळेच्या पुस्तकांत त्याला याहून मोठी जागा मिळायला हवी होती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मुलचेरा-चामोर्शीकडची बंगाली गावं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची. मूळ मजकुरात ‘गोंड’ हा एकच शब्द सरसकट आला आहे. भामरागड-एटापल्लीच्या वर्णनात वाचकांनी तो ‘माडिया’ असा वाचावा.