देवगिरीची चढण

पोखर्णीच्या श्रीनृसिंहाचे दर्शन घेऊन आम्ही ज्ञातिबांधव मुलाबाळांसह देवगिरीस गेलो. वाटाड्याने प्रथम दाखविला तो तासलेला उभा कडा व पायथ्याचा खंदक. पुढे अंधारी, तेथे मुलांनी वडीलधाऱ्यांचे हात घट्ट धरले. असा दुर्ग पडला तरी कसा, असे एका मुलीने विचारले. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने वेढा दिला, तेव्हा धान्याच्या म्हणून गडावर चढविलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी कथा आहे. रामदेवरायास तह करावा लागला. १६३३ मध्ये महाबतखानाच्या वेढ्यातही अन्नाच्या तुटवड्याने आतील लोक टेकीस आले. कडा अभंगच होता. रिते झाले ते कोठार. हे ऐकल्यावर ती मुलगी बारादरीपर्यंत आपली शिदोरी कोणाच्या हाती देईना.