भारनियमनापासून सौरपंपापर्यंत : महाराष्ट्रातील ग्रामीण विजेची वाटचाल

महाराष्ट्रातील ग्रामीण विजेचा इतिहास विहिरीवरच्या मोटारीभोवती फिरतो. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, पण त्याची वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. खेड्यांकडे तारा वळल्या त्या १९६० साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर. पुढे कोयनेची वीज आली, १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ उभे राहिले आणि १९७२ च्या दुष्काळाने विहीर-बागायतीचे महत्त्व सर्वांच्या मनावर ठसवले. मोट आणि डिझेल इंजिन यांची जागा विजेच्या मोटारीने घेतली आणि शेती हा विजेचा मोठा ग्राहक बनला.

या वाढीतच पुढच्या अडचणींचे मूळ होते. १९७० च्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर वीज आकारणी सुरू झाली. मोटार किती तास चालली याचा बिलाशी संबंध उरला नाही, त्यामुळे वापर, गळती आणि चोरी यांचा नेमका हिशोबही राहिला नाही. लघुदाबाच्या लांबच लांब तारांच्या शेवटच्या टोकाला दाब पडत असे आणि मोटारी जळत.

उत्पादनातील तूट शतकाच्या वळणावर उघडी पडली. दाभोळचा वीजप्रकल्प १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली बंद पडला. मंडळाचे विभाजन होऊन २००५ साली महावितरण ही वेगळी कंपनी झाली, तेव्हा संध्याकाळच्या मागणीच्या वेळी राज्यात काही हजार मेगावॉटची तूट होती. भारनियमनाचे तास फीडरवरील (वीजवाहिनीवरील) गळती आणि बिलवसुली पाहून ठरू लागले. ज्या फीडरवर गळती जास्त, त्यावर अंधारही जास्त. याचा सर्वाधिक फटका खेड्यांना बसला, कारण तेथे घरे आणि पंप एकाच फीडरवर होते. पंपांची वीज तोडली की दिवेही जात.

त्यावर तीन उपाय झाले. ठरावीक तासांत पंपांना लागणारी थ्री फेज वीज बंद करून घरांपुरती सिंगल फेज वीज सुरू ठेवण्यात आली. अक्षय प्रकाश योजनेत संध्याकाळी पंप न चालवण्याचे गावाने मान्य करायचे आणि त्या बदल्यात दिव्यांसाठी अखंड वीज मिळवायची, असा करार होता. पुढे गावठाण फीडर शेतीपासून वेगळे काढण्यात आले. यामुळे घरांची स्थिती सुधारली. शेतीच्या वाट्याला मात्र दिवसा आठ किंवा रात्री दहा तास, अशी आलटून पालटून पाळी आली. रात्रीच्या पाळीत दारे धरायला जाणे म्हणजे साप-विंचवाचा आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा धोका पत्करणे. तो टाळण्यासाठी शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटोस्विच बसवले. वीज येताच फीडरवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊ लागल्या. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, त्यामुळे डीपी (रोहित्र) जळण्याचे प्रमाण वाढले आणि नवी डीपी येईपर्यंत पिके वाळू लागली.

घरांमध्ये या काळात कंदील आणि गॅसबत्तीच्या जागी इन्व्हर्टर आला. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॉट-तास वीज मावते. बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरणे योग्य. ६० वॉटचे तीन बल्ब आणि ७५ वॉटचा एक पंखा त्यावर जेमतेम तीन तास चालतो. शिवाय इन्व्हर्टरची बॅटरी भरते ती तारेतूनच येणाऱ्या विजेवर. जेथे वीज थोडा वेळ आणि कमी दाबाने येते, तेथे बॅटरी पुरती भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि ती अकाली निकामी होते. ज्या गावाला बॅटरीची गरज सर्वाधिक, तेथेच ती लवकर खराब होत असे.

ही कोंडी सौर पॅनेलने फोडली, कारण त्यामुळे बॅटरी तारेऐवजी उन्हावर भरू लागली. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने सौर घट १९७७ साली तयार केला होता. महाराष्ट्रात १९८५ साली स्थापन झालेल्या महाऊर्जेमार्फत सौरकंदील आणि पथदिवे गावोगावी पोहोचले, तरी किमतीमुळे प्रसार मंद राहिला. पॅनेल स्वस्त झाले आणि २०१५ पासून एलईडी दिवे घरोघर आले, तेव्हा गणित बदलले. ९ वॉटचे तीन दिवे आणि तोच पंखा त्याच बॅटरीवर सात तासांच्या आसपास चालू लागला. जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत २०१२ साली सुमारे ४० घरांसाठी सामाईक सौर केंद्र आणि बॅटरीसंच उभारण्यात आला. त्यात घरोघरी मीटर बसवून देखभालीचा खर्च बिलातून काढण्याची व्यवस्था गावाने सांभाळली. सौरदिव्यांच्या अनेक योजना बॅटरी बदलायला पैसे नसल्याने बंद पडल्या; दरेवाडीच्या रचनेत त्या खर्चाचा विचार आधीच होता.

छतावरच्या सर्व सौर यंत्रणा वीज गेल्यावर उपयोगी पडतात असे नाही. नेट मीटरिंगची साधी यंत्रणा तारेतील वीज जाताच आपोआप बंद होते, कारण तिची वीज उलट तारेत शिरली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. खंडित काळात वीज हवी असेल, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतोच.

शेतीने बॅटरीचा हा खर्चच टाळला. सौरपंप उन्हात चालतो आणि वीज साठवण्याऐवजी पाणी हौदात किंवा शेततळ्यात साठवतो. पावसाने ओढ दिली की बहुधा ऊन असते, म्हणून गरज आणि पुरवठा यांची सांगडही बसते. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली. राज्याच्या २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठेवला आहे. दुसरी वाट २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे तिचे पहिले प्रयोग झाले. तीत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून संपूर्ण शेती फीडरला दिवसा वीज दिली जाते.

दिवसाच्या पाण्याचा प्रश्न अशा रीतीने सुटण्याच्या मार्गावर आला असला, तरी दोन गोष्टी उरतात. सौरपंपाला वीजबिल नाही, त्यामुळे अश्वशक्तीच्या आकारणीप्रमाणेच येथेही उपशाला किमतीचा लगाम नाही आणि भूजलाची जबाबदारी गावालाच घ्यावी लागेल. दुसरी गोष्ट रात्रीची. वादळात खांब पडल्यावर घरे, शाळा आणि लसी थंड ठेवणारी आरोग्य केंद्रे यांना बॅटरीच तारते. अधिक खोलवर वापरता येणारी आणि जास्त वर्षे टिकणारी लिथियम बॅटरी त्यासाठी सोयीची ठरते आहे, पण तिच्या जोडीला गावाजवळ दुरुस्तीची सोय आणि नव्या बॅटरीसाठी बाजूला काढलेला पैसा हवा.