टिक-टिक कुठून आली?

आजचा एपिसोड इंडिकेटरवर आहे. हो, तोच, जो आपल्याकडे वळून झाल्यावर लावतात!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडीला इंडिकेटर नव्हताच. वळायचं तर हात बाहेर काढायचा. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत हातवाऱ्यांवर प्रश्न येतात ना, ते तेव्हाचं शेपूट आहे. पण धो-धो पावसात किंवा अंधारात हात दिसणार कोणाला?

1914च्या सुमारास अमेरिकेतल्या मूकपटांची मोठी नटी फ्लोरेन्स लॉरेन्स हिनं यावर उपाय काढला. बटण दाबलं की मागच्या बाजूला एक पाटी-दांडा वर-खाली होई आणि वळायची दिशा कळे. ब्रेक दाबला की ‘स्टॉप’ची पाटी दिसे. तिनं पेटंट घेतलं नाही, आणि पैसाही मिळाला नाही. 1938 साली ती गेली. त्याच सुमारास, 1939च्या मॉडेलमध्ये, ब्यूइकनं कारखान्यातूनच लुकलुकणारे इंडिकेटर दिले, तेही फक्त मागे. पुढचे दिवे आणि वळण संपल्यावर आपोआप बंद होणं 1940मध्ये आलं. मला हा योगायोग जरा क्रूर वाटतो.

युरोपात वेगळीच गंमत. तिथे दाराशेजारच्या खांबातून दिवा लावलेला छोटा हात बाहेर यायचा, रेल्वेच्या सिग्नलसारखा. त्याला ट्रॅफिकेटर म्हणत. आत विजेचं चुंबक, म्हणजे सोलेनॉइड. तो अडकला की ड्रायव्हर आतून खांबावर बुक्की मारायचा. फोक्सवॅगन बीटलनं अमेरिकेत 1955मध्येच लुकलुकणारे दिवे दिले, युरोपात मात्र हे हात 1960पर्यंत टिकले.

आता ती टिक-टिक. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असे. करंट गेला की ती तापे, वाके, काँटॅक्ट सुटे, दिवा विझे. गार झाली की परत चिकटे. टिक, टिक! म्हणजे ताल ठरवणारी होती ती उष्णता. 21 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर साधारण साडेतीन अँपिअर ओढतात. एक बल्ब उडाला की करंट निम्मा, पट्टी पुरेशी तापत नाही, दिवा नुसता लागून राहतो किंवा रेंगाळतो. नंतर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले, तेव्हा ही खोड मुद्दाम उलटी करून ठेवली: बल्ब गेला की वेग वाढतो. जुन्या गाडीला हौसेनं एलईडी लावलेत आणि इंडिकेटर वेड्यासारखा पळायला लागला, तर कारण हेच. एलईडी करंट फारच कमी ओढतो, आणि फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला.

पण खरा छळ ‘कधी चालतो, कधी नाही’ या फॉल्टचा. पावसात बिघडतो, गॅरेजला पोचेपर्यंत वाळून ठणठणीत. मग फ्लॅशर बदला, स्विच बदला, बिल वाढवत न्या. मला यात सगळ्यात जास्त संशय अर्थिंगचा येतो. मागच्या दिव्यात इंडिकेटर, ब्रेक आणि टेल लॅम्प बऱ्याचदा एकाच वायरनं बॉडीला जोडलेले असतात. त्या नटाखाली गंज चढला की इंडिकेटरचा करंट परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बमधून उलटा घुसतो. म्हणून इंडिकेटर लावला की टेल लॅम्प मंद मंद लुकलुकतो. हे दिसलं तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक तात्पुरती वायर ओढून त्या दिव्याच्या अर्थला लावा. सुधारलं? मग सापडलाच चोर. नट खोला, पॉलिश पेपरनं घासा, परत आवळा.

दुसरी युक्ती: हॅझर्ड लावून बघा. अनेक गाड्यांत दोघांचा फ्लॅशर एकच असतो. हॅझर्ड नीट चालतो पण वळणाचा दिवा नाही, तर बल्ब आणि फ्लॅशर बहुधा ठीक. मग स्टिअरिंगखालच्या दांडीचा स्विच आणि त्याचा फ्यूज बघायचा. तेही ठीक असेल तर डिकीच्या बिजागरीजवळची वायर हलवून बघा. वरून धडधाकट दिसते, आतली तार तुटलेली असते. डिकी उघडली की जोडते, बंद केली की सुटते.

आजच्या बऱ्याच गाड्यांत ती टिक-टिक पट्टीची नाहीच, छोट्या स्पीकरमधून वाजवलेली असते. पट्टी गेली, आवाज ठेवला.