तारेत वीज आहे काय?

बेळगाव जिल्ह्याचा विजेशी संबंध जुना आहे. घटप्रभेच्या धबधब्यापाशी गोकाकची सूतगिरणी 1887 साली सुरू झाली, आणि पाण्याच्या जोरावर वीज काढण्याचे आपल्या देशातील आरंभीचे प्रयत्न येथेच झाले असे सांगण्यात येते. पण वीज डोळ्यांना दिसत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतील तार असो वा बेळगावातील एखाद्या घरातील, जिवंत तार आणि मृत तार दिसावयास सारखीच. ती ओळखावी कशी, या प्रश्नाचा इतिहास चारशे वर्षांहून अधिक आहे.

इंग्लंडमधील विल्यम गिल्बर्ट याने 1600 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात टोकावर तोललेल्या हलक्या धातूच्या काट्याचे वर्णन केले. घासलेला अंबर जवळ आणताच तो काटा वळे. पुढे आकाशातील विजेचे बळ मोजण्याची ईर्षा उत्पन्न झाली. सेंट पीटर्सबर्ग येथील प्राध्यापक रिकमन याने छपरावर लोखंडी सळई उभारून तिची तार घरात आणली होती. तारेजवळ सुताचा एक धागा लोंबत असे. धागा किती अंशांनी दूर सरतो, यावरून विजेचे मान कळे. सळई जमिनीशी मात्र जोडलेली नव्हती. 1753 साली ढग गरजू लागले तेव्हा रिकमन धाग्याकडे वाकून पाहत असता ठिणगीने त्याच्या कपाळाचा वेध घेतला. तो जागीच गेला. सोबतचा चित्रकार वाचला.

धर्मोपदेशक अब्राहम बेनेट याचा सुवर्णपत्र विद्युद्दर्शक 1787 साली प्रसिद्धीस आला. सारखाच विद्युद्भार मिळताच सोन्याचे दोन पातळ वर्ख एकमेकांपासून दूर होतात. उपकरण मोठे नाजूक! बेळगावच्या दमट पावसाळ्यात भार झिरपून जातो व वर्ख मिटतात. शाळेत हा प्रयोग करावयाचा तर मृगापूर्वीच उरकावा.

वायरमनच्या खिशातील टेस्टर हा निऑनचा वंशज. रॅमसे व ट्रॅव्हर्स यांनी हा वायू 1898 साली शोधून काढला. टेस्टरमध्ये निऑनची इवलीशी नळी व सुमारे दहा लाख ओहमचा रोध असतो. त्यामुळे एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह हातातून व देहातून जमिनीकडे जातो, आणि नळी नारिंगी उजळते. प्रवाह उलटसुलट असेल तर नळीतील दोन्ही अग्रे प्रकाशतात. एकदिश असेल तर केवळ ऋण अग्र.

टेस्टर उजळला म्हणजे बहुधा वीज आहे. उजळला नाही म्हणजे वीज नाही, असे मात्र नव्हे. साठ-सत्तर व्होल्टांखाली तो पेटतच नाही, आणि भर उन्हात त्याचा उजेड दिसत नाही. म्हणून जाणता वायरमन तो आधी चालू असल्याचे ठाऊक असलेल्या तारेवर पाहतो, मग संशयित तारेवर, आणि पुन्हा पहिल्या तारेवर.

घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडणाऱ्याला याहून अधिक सावध राहावे लागते. सेट बंद करून प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट काही काळ दडून राहू शकतात. देहातून जमिनीकडे वाट पुरी होत नसल्यास टेस्टर तेथे मुकाच राहतो. येथे कामास येतो तो मीटर. सुईचे गॅल्व्हानोमीटर घेऊन त्यास मोठा रोध एकसरीत जोडला की व्होल्टमापक तयार होतो. ब्रिटिश टपालखात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी याने अनेक मापने एकाच पेटीत आणली, आणि 1923 पासून त्याचा ‘अ‍ॅव्हो’ मीटर बाजारात आला. त्याची दोन टोके कपॅसिटरच्या दोन अग्रांना लावावी, योग्य रोधातून भार उतरू द्यावा, आणि सुई शून्यावर आल्यावर सेटमध्ये हात घालावा.